डोक्यातले निरोप

बाई बोलता बोलता दोन्ही तर्जन्यांची टोकं समोरासमोर आणायच्या, पण टेकवायच्या नाहीत. मग विचारायच्या, "पोचला का निरोप?" पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या आमच्या ओळीत त्यांची ही नक्कल सगळ्यांना येत होती.

बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. डिसेंबरातल्या एका सकाळी भिंतीवर पाल थिजून बसली होती. मी झाडू उचलला, तर म्हणाल्या, "मारू नको वं. थंडीनं तिच्या डोक्यातले निरोप हळू चालून राहिले. ऊन येऊ दे, जाईल आपल्या पायानं." ऊन आलं, पाल गेली.

पुढे मे महिन्यात एका दुपारी माझे यजमान भट्टीवरची पाळी संपवून आले आणि स्कूटरवरून उतरताच अंगणात धडपडले. मलाच विचारू लागले, "तू कोन? माय कुठं गेली?" सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. फाटकाशी माणसं जमली. "भरी दोपहर में पी के आया है," कोणीतरी म्हणालं. दोघं हसले.

बाईंनी यांच्या कपाळाला हात लावला. "पिऊन नाही आले हे. ऊन लागलं." हसणाऱ्या दोघांनाच त्यांनी बर्फ आणायला पिटाळलं. यांना सावलीत निजवून ओली चादर पांघरली, कूलर समोर ओढला आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी शिंपडत राहिल्या.

हे दवाखान्यातून बरे होऊन आले, पण घराबाहेर पडेनात. "लोकाईत तमाशा झाला माहा," एवढंच म्हणायचे. रजा संपत आली तरी ड्यूटीचं नाव काढेनात.

मी बाईंना सांगितलं. संध्याकाळी त्या यांच्यासमोर येऊन बसल्या, बोटं पुढे केली.

"भाऊ, मेंदूतल्या पेशी एकमेकींले चिकटून नसतात. मधात इतकीशी फट असते. तिच्यातून रसायन निरोप नेते. डोकं लय तापलं का काही निरोप घाईनं सुटतात, काही पोचतच नाहीत. त्यात तुमची कोनती लाज?"

हे त्या बोटांमधल्या फटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग मायच कावून आठवली?"

बाईंनी बोटं खाली घेतली. "ते मले नाही माहीत, भाऊ. इतकं विज्ञान मले येत नाही."

हे हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. सोमवारी ड्यूटीवर गेले.

रिटायर झाल्यावर बाई क्वार्टर सोडून चंद्रपूरला बहिणीकडे गेल्या. "तिथं तर इथल्यापेक्षा जास्त ऊन," मी म्हटलं. "बहीण आहे ना तिथं," त्या म्हणाल्या.

मागच्या हिवाळ्यात त्या बहिणीचा फोन आला. बाई गेल्या. आमची मुलगी रायपूरहून आली होती; बाई चंद्रपूरला गेल्या तेव्हा ती तान्ही होती. तिनं विचारलं, "कोण होत्या त्या?"

यांनी तिला ती दुपार सांगितली. घरात कधी न निघालेली गोष्ट, हसणाऱ्या माणसांसकट. शेवटी म्हणाले, "मी मायले शोधून राहिलो होतो त्या दिवशी."

मग उठून अंगणात गेले. शेजारी, बाईंच्या क्वार्टरमध्ये, आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांच्या दोरीवर लहान मुलांचे स्वेटर वाळत होते. हे त्या दोरीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते.