रेघ म्हणजे शून्य नव्हे

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात चूक कबूल केली नव्हती. भाजी खारट झाली तर दोष मिठाचा, बस चुकली तर बसचा.

तिचं काम नदीची पातळी मोजण्याचं. पुलाच्या खांबावर आकड्यांची लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. रोज सकाळी आठला आत्या पायऱ्या उतरायची, पाणी कितव्या आकड्याला टेकलंय ते पाहायची आणि वर चौकीत येऊन वहीत लिहायची. चौकी म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि छत्री अडकवायला एक खिळा. अशी सव्वीस वर्षं. घरात लग्न असो की आजारपण, आठ म्हणजे आठ. "नदी काय रजा घेते?" म्हणून ती आम्हाला गप्प करायची.

उन्हाळ्यात पाणी पट्टीच्याही खाली जायचं. नदी वाहत असायची, पण मोजणार कशावर? मग आत्या आकड्याच्या जागी आडवी रेघ मारायची. शेजारी 'शेरा' लिहायला रकाना होता, तो मात्र कायम कोरा. विचारलं तेवढंच लिहावं, हा तिचा खाक्या.

मागच्या वर्षी बातमी आली, की नदी मोठ्या नळात घालून वरून चौपदरी रस्ता काढणार. आत्या आधी हसलीच. मग शाळेच्या सभागृहात सुनावणी लागली, तेव्हा मी तिला घेऊन गेले.

रस्त्याच्या योजनेच्या साहेबांनी पडद्यावर तक्ता दाखवला. दर उन्हाळ्यात शून्य, शून्य, शून्य. "ही नदी नाही, पावसाळी नाला आहे," ते म्हणाले. "हे आम्ही नाही म्हणत. पुलावरच्या चौकीची नोंद म्हणतेय."

आत्याने माझं मनगट धरलं.

"ती टायपिंगवाली मुलगी गं," ती पुटपुटली. "जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवत होती, तेव्हा फोन केला होता तिनं. कॉम्प्युटर रेघ घेत नाही म्हणाली. रेघ म्हणजे शून्यच ना, असं विचारलं. आठ वाजत आले होते, मी घाईत. हो गं बाई, तेच ते, म्हटलं आणि फोन ठेवला."

"मग सांग की आता."

सांग म्हणायला माझं काय जात होतं? समोर तिच्या ऑफिसची माणसं बसली होती, मागे अख्खी गल्ली. तिच्या टापटिपीचे दाखले देऊन आयांनी आपापल्या पोरांना झापलं होतं. ती गप्प बसेल, अशी मला भीती वाटली. खरं सांगायचं तर खात्रीच वाटली.

ती उठली.

"साहेब, ती शून्यं माझी नाहीत. चूक मात्र माझी आहे." आणि फोनची सगळी गोष्ट तिने जशीच्या तशी सांगितली. "आता मूळ वह्या मागवा. सव्वीस वर्षांत माझ्या हातचं एक शून्य काढून दाखवा."

"पण बाई, रेघ मारली तेव्हा पाणी होतं, हे कशावरून?"

"नसतं, तर शून्य लिहिलं असतं. येतं मला शून्य लिहायला."

लोक हसले. आत्या नाही हसली. "शेरा लिहायला हवा होता. आळस मी केला आणि अंगाशी आला नदीच्या," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. मला इतका अभिमान कधी कुणाचा वाटला नव्हता.

वह्या आल्या. शून्य एकही सापडलं नाही. योजना रद्द झाली असं नाही. येता उन्हाळाभर पाणी नव्याने मोजा, मग ठरवू, एवढाच हुकूम निघाला. तो आत्याच्या नोकरीचा शेवटचा उन्हाळा होता.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी मी चौकीवर गेले. खुर्ची रिकामी. खालच्या पायरीवर तिच्या चपला, आणि साडी गुडघ्यापर्यंत खोचून आत्या पाण्यात उभी, हातात लाकडी फूटपट्टी.

"आलीस तशी वही घे," ती खालून ओरडली. "शेऱ्यात लिही. पाणी पट्टीच्या खाली. खोली नऊ इंच. वाहतंय."

मी लिहिलं. ती धापा टाकत वर आली, चष्मा पुसून तिने ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'वाहतंय' या शब्दाखाली एक रेघ मारली.