शेळीचा पाळणा

माझ्या पहिल्या लेकराचं नाव ठेवायचं होतं, त्या दिवशी माझा धाकटा भाऊ टेपरेकॉर्डर घेऊन आखाडा बाळापूरला आला. तो आखातात नोकरीला होता. गाण्यांच्या कॅसेटी त्यानं पुष्कळ आणल्या होत्या, कोरी मात्र एकच.

"मावशी, हिच्यात तुमचा पाळणा भरू," तो माझ्या सासूबाईंना म्हणाला.

सासूबाईंचा गळा गोड. त्यांनी पाळण्याची दोरी धरली अन् बाया गप्प झाल्या. गाणं रंगात आलं, तोच आमची शेळी दावं तोडून घरात शिरली अन् त्यांचा पदर चघळू लागली.

"अगं मर तिकडं! नवं लुगडं खाऊन राहिली माजं!" सासूबाई ओरडल्या आणि लगेच त्याच सुरात पुढचं कडवं धरलं.

भावानं ते ऐकवलं तेव्हा बायांची हसून पुरेवाट झाली. सासूबाई तेवढ्या फुगल्या. "पुन्यांदा म्हणते मी. त्याच्यावरच भर."

"त्यानं जुनं पुसून जाईल की!" म्हणत भावानं चाकूच्या टोकानं कॅसेटच्या कडेचा बारीक प्लॅस्टिकचा तुकडा मोडला. "आता हिच्यावर दुसरं काही भरता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो हिंगोलीला गेला. मी घरात आले तर सासूबाई लाल बटण दाबत बसलेल्या. बटण खाली जाईना.

"तुज्या भावानं मशीन बी फितवली गं!"

मला त्यांची दया आली. मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे भावानंच मला सांगितलं होतं. जखमेवर लावायची पट्टी घरात होती, ती मी तिथं चिकटवली.

"आत्याबाई, आता दाबा. पण जुनं कायमचं जाईल बरं."

त्या थबकल्या. "एकडाव ऐकू दे मग."

मी टेप लावला. पाळणा झाला, ओरडणं झालं, तेवढ्यात अंगणातून सासरे काठी घेऊन धावत आले. काल ते बाहेर पंगतीत होते, त्यांनी हे ऐकलंच नव्हतं.

"कुठाय शेळी?"

सासूबाईंना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. बोलता येईना, नुसता टेपकडे हात. सासरे काठी धरून तसेच उभे.

हसू ओसरल्यावर सासूबाईंनी स्वतःच नखानं ती पट्टी खरवडून काढली. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "ह्या लेकराला मोठेपणी ऐकवू."

सांजच्याला भाऊ नवी कोरी कॅसेट घेऊन परतला. सासूबाईंनी गल्लीतल्या सगळ्या बाया बोलावल्या. कॅसेट संपून बटण खट्‌कन वर आलं, तरी कुणी गायचं थांबलं नाही.