शरयूताईंच्या दारातले मास्क

शरयूताईंच्या दाराबाहेर एका खिळ्याला मास्क टांगलेले असत. निळे, कानांना अडकवायचे. लोकांनी मास्क कधीच टाकून दिले होते, काहींनी तर स्कूटर पुसायला घेतले होते, तरी ताईंकडे जायचं असेल तर आधी खिळ्यावरचा मास्क काढून तोंडाला लावायचा आणि मग बेल दाबायची. बेल वाजत नसे, आत एक दिवा लागे. ताई दाराच्या भिंगातून बघत आणि तोंड झाकलेलं असलं तरच कडी काढत. आत गेल्यावर काही बोलायचं नाही, टेबलावरच्या पाटीवर लिहायचं. नव्या माणसाला वाटे, बाई रोगाला फार घाबरतात. मला मात्र त्या खिळ्याकडे बघून दर वेळी अंगावर काटा येई, कारण साथीच्या काळात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मास्कच्या सक्तीविरुद्ध भांडलेली बाई हीच होती.

ताई माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि त्यांचं ऐकणं कायमचं गेलं, पण तोवर बोलणं पक्कं झालं होतं. त्यामुळे बोलायच्या आपल्यासारख्याच, फक्त आवाज चढ-उताराविना, सरळ, आणि बऱ्याचदा नको तिथे मोठा. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर ओठ वाचायला शिकवलं. स्वतः तर इतक्या तयार होत्या की लोक त्यांना टरकून असत. एकदा मी रस्त्याच्या पलीकडून बहिणीशी फोनवर बोलत होते, "वरच्या ताईंनी डिंकाचे लाडू दिलेत, दगड आहेत नुसते." संध्याकाळी ताई दारात हजर. "माझे दगड परत कर," म्हणाल्या, आणि डबा घेऊन गेल्यासुद्धा.

या कलेतलं त्यांचं एक व्रत होतं. "मी शब्द घालत नाही आणि गाळत नाही," असं त्या नेहमी म्हणत. "ओठांवर आहे तेवढं माझं. मनातलं तुमचं तुम्ही बघा." मी एकदा विचारलं, चुकत नाही का कधी? तर म्हणाल्या, "चुकतं की. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. पोर बाबा म्हणालं की मामा, ते घरात कोण आलंय त्यावरून ओळखायचं."

मग साथ आली आणि सगळ्यांची तोंडं झाकली गेली. आम्हाला वाटलं, नाकावर एक फडकं आलं, एवढंच. ताईंचं मात्र त्या दिवसापासून सगळं जगच बंद झालं. दुधवाला काय म्हणतो कळेना, औषधवाला काय विचारतो कळेना. त्या गॅलरीत बसून खालच्या रस्त्याकडे बघत राहायच्या. एकदा मी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाल्या, "कापड आत जातं, बाहेर येतं. आत कोणीतरी बोलतंय एवढंच दिसतं. डोळे बोलतात असं लोक उगाच म्हणतात गं. डोळे काहीही बोलत नाहीत, नुसते बघतात."

सोसायटीचे चेअरमन होते आगाशेकाका. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. तिथे तोंडावर पट्टी नसेल तर माणसाला खात्याच्या दारातून आत सोडत नसत, आणि तो नियम काकांच्या हाडात भिनला होता. त्यांनी लिफ्टवर पाटी लावली : 'मास्क नसल्यास जिना आहे. पाय त्यासाठीच दिलेले असतात.' सोसायटीत दोन तट पडले. कोणी म्हणे, गुदमरायला होतं. कोणी म्हणे, मोकळ्या हवेत कशाला? कोणी म्हणे, ज्याचं त्याला ठरवू द्या. शेवटी गच्चीवर लांब लांब खुर्च्या मांडून सभा घेतली.

ताईंनी त्या सभेत पारदर्शक मास्क शिवून आणले होते. मधोमध प्लॅस्टिकचा तुकडा, कडेनं कापड. उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्याशी बोलताना हे लावा. नाहीतर चार हात लांब उभे राहा आणि मास्क खाली घ्या. मी सगळ्यांना सोडा म्हणत नाही. पण माणसाचं तोंड दिसलं नाही तर मला माणूस दिसत नाही."

आगाशेकाकांनी मास्कच्या आतून उत्तर दिलं, "एका बाईसाठी अख्ख्या इमारतीनं मरायचं का?"

गच्चीवर सगळ्यांनी ते ऐकलं. ज्यांना उत्तर दिलं होतं त्यांनाच तेवढं कळलं नाही. ताई आमच्याकडे एकेक करून बघत होत्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. तेव्हा आगाशेकाकू उठल्या, नवऱ्यादेखत आपला मास्क हनुवटीखाली ओढला आणि स्वच्छ ओठ हलवून म्हणाल्या, "विचार करू म्हणाले." काका संतापले, पण काकू शांतपणे खाली बसल्या. मला काकू त्या दिवसापासून फार आवडायला लागल्या.

पुढच्याच लाटेत, सगळे नियम पाळणाऱ्या आगाशेकाकांनाच आजारानं गाठलं. रुग्णालयात कोणाला भेटू देत नसत. रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर काका आणि घरात काकू एकट्या, अशी अवस्था. एका कनवाळू परिचारिकेनं काकांचा छोटा व्हिडिओ काढून काकूंना पाठवला. काकांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क, पट्ट्यांनी आवळलेला. आवाज सगळा यंत्रांचा. आणि त्या आत काका काहीतरी बोलत होते, पुन्हा पुन्हा. तो मास्क पारदर्शक होता. दुसऱ्या दिवशी काका गेले.

काकू मोबाइल घेऊन ताईंच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी सोबत होते. "एवढं बघून सांगा," काकू मास्क खाली ओढून म्हणाल्या. "शेवटचं काय म्हणाले, तेवढंच मला हवंय. मग मी काही मागणार नाही."

ताईंनी मोबाइल खिडकीपाशी नेला. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. वाफ आली की काकांचे ओठ पुसट होत, वाफ विरली की पुन्हा दिसत. ताईंचे स्वतःचे ओठ त्याबरोबर नकळत हलायला लागले आणि त्यांनी ते घट्ट मिटले. मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "सुमती, टाकीचं झाकण लावून घे. असं म्हणतायत."

काकूंनी मोबाइल परत घेतला आणि एकदा पडद्याकडे बघितलं. मग हसल्या आणि मग खूप रडल्या. जिना उतरताना मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. अगं म्हणायचे नुसतं."

ही बातमी कशी पसरली कोण जाणे. आठवड्याभरात आमच्या जिन्यात अनोळखी माणसं दिसायला लागली. कोणी बिबवेवाडीहून, कोणी खडकीहून, दोन्ही हातांनी मोबाइल धरून पायऱ्यांवर लांब लांब बसलेली, मास्क लावलेली, एकमेकांशी न बोलणारी. जिना इतका शांत असे की वर ताईंच्या बेलच्या बटणाची टिचकी खालपर्यंत ऐकू येई. एकेक जण वर जाई आणि एक वाक्य घेऊन उतरे. खडकीच्या एका कामगाराच्या वडिलांनी म्हटलं होतं, "सायकलमध्ये हवा भरून ठेव." तो मुलगा माझ्या दारापाशी भिंतीला टेकून हसत होता आणि त्याचा मास्क रडून ओला झाला होता. एका बाईला आईनं सांगितलं होतं, तुळशीला ऊन लागतंय. कोणाला, धाकट्याचं लग्न थांबवू नका. मला वाटायचं, ताईंनी केवढं हे काम अंगावर घेतलंय. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि का कोण जाणे, भीतीही वाटायची.

एके दिवशी ताईंनी हे बंद केलं. आलेल्या माणसांना हातानंच परत पाठवलं. हळूहळू साथ ओसरली. लिफ्टवरची पाटी निघाली, बाहेर सगळ्यांची तोंडं उघडी झाली. मला वाटलं, आता ताईंची सुटका झाली. पण त्यांनी दाराबाहेर खिळा ठोकून मास्क टांगले आणि त्या गॅलरीत येईनाशा झाल्या. टीव्ही त्यांनी विकून टाकला. रस्त्यानं जाताना मान खाली, नजर लोकांच्या चपलांवर. सोसायटीतल्या लोकांनी त्यावर विनोद केले. तेव्हा मास्क नको म्हणत होत्या, आता काढू देत नाहीत, बाईंना नेमकं हवंय तरी काय, वगैरे. पुण्यात विनोदाला कधी तोटा नसतो.

मी जात राहिले. मास्क लावायचा, पाटीवर लिहायचं, चहा प्यायला मास्क खाली करायचा तेव्हा ताई भिंतीकडे बघायच्या. एका दुपारी चहा झाल्यावर त्या अचानक म्हणाल्या, "आगाशे टाकीबिकीचं काही बोलले नव्हते."

मी पाटीवर लिहिलं, 'मग?'

ताईंनी आवाज न काढता ओठ हलवले. आधी ओठ गोल झाले, मग वरचे दात खालच्या ओठाला टेकले, मग तोंड तसंच उघडं राहिलं. मला ओठ वाचता येत नाहीत. कधी शिकले नाही. पण तो शब्द मला वाचता आला. 'सोडवा.'

"क्लिपभर तेवढंच," ताई आपल्या सरळ आवाजात म्हणाल्या. "मास्कातून सोडवा म्हणत होते, खाटेवरून म्हणत होते की सगळ्यातूनच, ते ओठ सांगत नाहीत. आणि बाकीच्यांचंही तेच. त्या खडकीच्या माणसाची सायकल खरी. ती एकच. बाकीची सगळी वाक्यं माझी."

मी लिहिलं, 'सगळी?'

"प्रत्येकाला वेगळं द्यावं लागायचं. सगळ्यांना एकच दिलं असतं तर जिन्यात एकमेकांना कळलं असतं." मग म्हणाल्या, "मी शब्द घालत नव्हते गं कधी."

ताई पुढे बोलत राहिल्या. "मग बाहेरच्या लोकांचे मास्क निघाले. दुधवाला म्हणाला, उद्या सुट्टी आहे. म्हणून झालं, आणि तोंड मिटायच्या आधी त्याचे ओठ एकदा तसे झाले. मला वाटलं, माझाच भास. मग बँकेतली मुलगी. मग टीव्हीवर बातम्या देणारी. सगळे आपापलं बोलतात आणि शेवटी, तोंड मिटायच्या आत, एकदा ते म्हणतात. त्यांना ठाऊक नसतं."

मी लिहिलं, 'माझेही?'

ताईंनी वाचलं. पदरानं पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यांसकट. मग माझ्या कानामागून निसटलेला मास्कचा बंद नीट अडकवला आणि कप उचलून आत गेल्या.

मागच्या थंडीत ताईंना न्यूमोनिया झाला. भाची नागपूरहून निघाली होती, ती पोचेपर्यंत आगाशेकाकू आणि मी आळीपाळीनं रुग्णालयात बसत होतो. दुपारी मला आत सोडलं. ताईंच्या तोंडावर तसाच मास्क होता, पारदर्शक, पट्ट्यांनी आवळलेला. माझं तोंड उघडं आहे हे लक्षात येऊन मी ओठांवर हात ठेवला. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

खरं सांगते, मी देवाचं नाव घेत उभी होते. मला या जगात ओठांवरचा एकच शब्द वाचता येतो आणि तो मला बघायचा नव्हता. मी दात ओठाला टेकायची वाट बघत राहिले. ते टेकले नाहीत. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. चांगलं लांब वाक्य होतं. माझ्या चेहऱ्यावरून ताईंना कळलं असावं की मला समजत नाही. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, सुटं सुटं करून, वर्गात मुलांना सांगायच्या तसं. प होता, ब होता की म, मला आजतागायत कळलेलं नाही. मी मान हलवली, समजल्यासारखी. त्यांनी डोळे मिटले. संध्याकाळी त्या गेल्या.

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"काही म्हणाली का गं?" काकूंनी विचारलं.

"काहीतरी म्हणाल्या. मला नाही वाचता आलं."

काकूंनी मांडीवरची पिशवी जवळ घेतली. आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सोडवा नव्हती ना म्हणत?"

हा शब्द मी त्यांना कधीच सांगितला नव्हता. ताईंनी तर शक्यच नाही. मी म्हणाले, "नाही. ते नव्हतं."

"मग बरं," काकू म्हणाल्या. "ह्यांचं मला तो व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हाच दिसलं होतं. वाटलं, आपल्याला काय कळतंय, चुकलं असेल, म्हणून तिच्याकडे घेऊन गेले. तिनं टाकीचं सांगितलं. माझं नाव घालून सांगितलं. एवढं जुळवून सांगितल्यावर तिला काय म्हणणार होते मी? शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही."

काकूंचं बोलणं संपलं. त्यांचं तोंड मिटायच्या आधी मी मान खाली घातली.