नोंद नसलेली फळी

"आदी बल्बाला इचारू," असं म्हणून मिस्त्री कानावरची पेन्सिल खाली ठेवत आणि बिघडलेल्या यंत्राची वायर आपल्या फळीवरच्या सॉकेटमध्ये खोचत. त्या फळीवर एक साधा बल्ब होता. तो लख्ख पेटला की यंत्रात शॉर्ट, मंद पेटला की पुढे जायला हरकत नाही. बल्बाने परवानगी दिल्याशिवाय मिस्त्री कशालाही थेट वीज देत नसत. लोक मुलीला स्थळ बघतानाही एवढी चौकशी करत नाहीत.

खोपोलीला शिळफाट्याजवळच्या आमच्या कारखान्यात ते विजेच्या यंत्रांची दुरुस्ती करत आणि मी स्टोअरमध्ये कारकून होतो. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या रजिस्टरात चढल्याशिवाय टाचणीसुद्धा कारखान्यात राहू शकत नाही, असा माझा समज होता. मिस्त्रींच्या टेबलावरचं मात्र काहीच रजिस्टरात नव्हतं. रिकाम्या बॉलपेनात गोधडीच्या सुया बसवून त्यांनी तपासणीच्या तारांची टोकं केली होती. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना तांब्याची पट्टी गुंडाळली होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन सेल आणि दाराची घंटी होती. तार अखंड असली की ती वाजे. फळी तर घरच्या जेवायच्या पाटाची होती. "बायकोला आजून ठावं नाय," ते मला हळूच सांगत. "ती पाट शोदतेय."

मग मुंबईहून नवे साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग यंत्रं तपासायचा परदेशी मीटर आला. मीटर काचेच्या कपाटात गेला, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात गेली. त्यामुळे मीटर कोणी वापरला नाही, पण बघून सगळे आले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. त्या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं की फक्त नोंद असलेली हत्यारं मांडायची. मिस्त्रींचा संसार टेबलाखाली गेला. मीटरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. नारळ साहेबांनी स्वतः फोडला, आणि फोटो चांगला यावा म्हणून मीटरला अगदी खेटून फोडला. पाणी कुठे गेलं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मीटरचा काटा जो एका बाजूला जाऊन बसला तो पुन्हा हलला नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो तर विजेचं मोठं पॅनल बंद. साहेब मिस्त्रींच्या टेबलामागे हात बांधून उभे राहिले. मिस्त्रींनी चिमटे आणि डबा वर काढला, पॅनलची एकेक तार धरून घंटी वाजवत गेले आणि जेवणाच्या सुट्टीआधी पॅनल सुरू झालं. मीटरबद्दल साहेबांनी मला रजिस्टरात लिहायला सांगितलं, "सुस्थितीत आहे. वापर नाही." मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं.

पुढे मिस्त्री निवृत्त झाले. कर्जतजवळ भिसेगावात घराच्या ओटीवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकायचं त्यांच्या मनात होतं. दुकान म्हणजे तरी काय, हीच फळी आणि हाच डबा. शेवटच्या दिवशी ते सगळं पोत्यात भरून माझ्याकडे गेटपास मागायला आले.

मी नियम सांगितला. पास हवा तर वस्तूची नोंद हवी. नोंद झाली की वस्तू कारखान्याची. कारखान्याची वस्तू बाहेर जात नाही.

"भाऊसाब, पाट माज्या घरचा हाय," ते म्हणाले.

मी पुरावा मागितला. पाट हरवल्याची तक्रार त्यांच्या बायकोकडे होती, पण ती काही साहेबांच्या टेबलावर येणार नव्हती. साहेबांसाठी खोटं लिहिणाऱ्या माझ्या हाताने त्या दिवशी एक खरी ओळ लिहिली नाही. मला साहेबांची भीती वाटली, दुसरं काही नाही. मिस्त्री भांडले नाहीत. पोतं तिथेच ठेवून रिकाम्या हाताने गेटबाहेर गेले. आठ दिवसांत ते भंगारात गेलं आणि भंगाराच्या वहीत ते मीच चढवलं.

वर्षभराने माझा रेडिओ बंद पडला. कर्जतच्या बाजारात दुसरी दुकानं होती, तरी मी भिसेगावला गेलो. ओटीवर नवी फळी होती, नवे चिमटे, नवी बॉलपेनं. साठीनंतर त्या माणसाने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं होतं. त्यांनी मला चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली, रेडिओ बोलता केला. कारखान्याचा विषय काढला नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी रेडिओ घेऊन उठलो तेव्हा ते म्हणाले, "थांबा, भाऊसाब." वहीचा कागद फाडून त्यांनी सावकाश काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. 'रेडिओ एक. ज्याचा त्याने नेला. जाऊ द्यावे.'

"र्‍हाऊ द्या जवळ," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "दारात कुनी इचारलं तर दाखवा."

दारात कोणीच नव्हतं. मी मान खाली घालून बाहेर पडलो.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो कागद मी अधूनमधून काढून वाचतो. मिस्त्री पास मागायला आले त्या दिवशी मलाही एवढंच तर लिहायचं होतं.