राऊत मॅडमनी राखलेली जागा

पालघरहून राऊत मॅडमच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी लॅबमध्येच होते. "आई गेल्या," ती म्हणाली आणि माझ्या तोंडून आधी निघालं, "सुटल्या गं बाई." तीही म्हणाली, "हो... सुटल्या." वर्षभर अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या मॅडमना पाहणं आम्हा दोघींनाही सोसत नव्हतं. शेवटची भेटले, तेव्हा त्यांनी माझा हात नाकाशी नेला, आज मी कोणतं रसायन हाताळलं ते ओळखल्यासारखा चेहरा केला आणि अर्ध्या तोंडानं हसल्या. जन्मभर केमिस्ट राहिलेली बाई. वाचा गेली, नाक काही गेलं नाही.

आमची ओळखही नाकावरूनच झाली. मी मुरबे या समुद्रकाठच्या गावची. आई बोईसरच्या बाजारात सुके बोंबील, जवळा विकते. बी.एस्सी. झाल्यावर तारापूरच्या एका कारखान्यात मुलाखतीला निघाले, तर अंगाला मच्छीचा वास येऊ नये म्हणून गळाभर अत्तर चोपडलं. आई म्हणाली, "वास येल तं येल, आमी काय चोरीचा माल इकतो?" मी कसली ऐकतेय. लॅबच्या प्रमुख होत्या राऊत मॅडम. त्यांनी समोर रसायनाच्या दोन बाटल्या ठेवल्या. "यातलं खराब कोणतं, वासावरून सांग." मला दोन्हींत मोगराच. "बाहेर नळ आहे. मान, हात धुऊन ये." धुऊन आले आणि बरोबर सांगितलं. "ताजं-शिळं ओळखणारं नाक घरातून घेऊन आलीस आणि वर अत्तर फासतेस? अक्कल गहाण टाकली होतीस का?" इतकं बोलून त्यांनी मला कामावर घेतलं.

लग्नानंतर मला दिवस गेले. कारखान्यात तेव्हा एक गोड रीत होती. बाई गरोदर आहे असं कळलं की साहेब फार मायेनं बोलायचे... इथे सगळी रसायनं, बाळाला धोका कशाला, घरी आराम कर. मग बाई 'स्वतःहून' राजीनामा द्यायची. माझ्याआधी दोघी अशाच मायेनं घरी गेल्या होत्या. मला ते काम मनापासून आवडायचं, म्हणून ढगळ कोटाआड पोट लपवलं. पण या दिवसांत नाक भलतंच तिखट होतं. एकदा दारातूनच बोलून गेले, "मॅडम, पलीकडच्या बाटलीचं बूच सैल आहे." त्यांनी आधी बाटली पाहिली, मग मला. "कितवा महिना?"

संपलं सगळं, असं वाटून मी रडायला लागले. त्या भडकल्या. "पोटात पोर घेऊन टोल्युइन हाताळत होतीस? मला सांगायला जीभ झडली होती?" मग तशाच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. बोलणं बाहेर ऐकू येत होतं. "धोका रसायनाचा आहे ना? मग रसायन तिच्यापासून लांब करा, तिला कशाला लांब करता? ती आतल्या खोलीत तपासणीच्या यंत्रावर बसेल, तिथे वाफा नाहीत. तिचं टेबल मी सांभाळते." साहेब म्हणाले, "असं आपल्याकडे कधी झालेलं नाही." "आता होईल," मॅडम म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली ती बाई माझ्या रजेपर्यंत स्वतःचं करून माझंही काम करत राहिली, आणि रजेत माझ्या जागेवर कुणाला कायम होऊ दिलं नाही. परत आले तेव्हा स्वागत एवढंच, "उशीर झालाय, कोट घाल."

माझ्यानंतरच्या पोरींसाठीही त्या दर वेळी अशाच भांडल्या. निवृत्त होताना त्यांनी लॅब माझ्या हाती दिली. "मी नसले की पोरींना पुन्हा मायेनं घरी पाठवतील गं," हीच त्यांना टोचणी होती. मलाही होती. सगळं त्यांच्या भांडणावर उभं होतं आणि मला त्यांच्यासारखं भांडता येत नाही.

तेरावं झालं, मी कामावर गेले. भारती समोर आली. ही जव्हारकडची, आमच्याकडे नवीनच लागलेली. आईबाप डोंगरउतारावर नाचणी लावतात, पीक निघालं की वीटभट्टीवर जातात. सहज रजा मागावी तशी म्हणाली, "मॅडम, मला दुसरा महिना हाय. यंत्रावर कधीपासून बसू?"

'बसू का' नाही, 'कधीपासून बसू'. मग मनात चार वाक्यं घोकत मी साहेबांकडे गेले. हे साहेब नवे. मॅडमना त्यांनी पाहिलेलंही नाही. मी अर्धं सांगते न सांगते तोच कागदावरची मानही वर न करता म्हणाले, "मग नेहमीसारखंच करायचं ना? ती यंत्रावर, तिचं टेबल तुमच्याकडे?"

मी हो म्हणाले, परत आले, मॅडमच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मग भारतीच्या टेबलापाशी जाऊन तिचं काम हातात घेतलं.