फोडणी, बर्फ आणि माझा पहिला एल्क

विलासकाकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख डिसेंबरातली ठरली आणि त्याच संध्याकाळी मी ऑफिसात रजा टाकली. गेली तीन वर्षं मी काकांबरोबर एल्कच्या शिकारीला जातेय आणि तिन्ही वर्षं हात हलवत परत आलेय. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगानं जवळजवळ घोड्याएवढा. काका अडुसष्ट वर्षांचे. लाकडाच्या गिरणीत त्यांची हयात गेली, तिथल्या दोस्तांकडून ते शिकार शिकले. मला शिकवायला घेतलं तेव्हा इथल्या, अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या निम्म्या मराठी मंडळींनी आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं होतं. आता डॉक्टरांनी यापुढे डोंगर बंद म्हणून सांगितलंय. म्हणजे काका शेजारी असताना एल्क मिळवायचा तर ही शेवटची संधी. मला तो यंदा हवाच होता. देवाला नवस बोलणाऱ्यातली मी नाही, नाहीतर तेही करून झालं असतं.

तिसरा भिडू संदेश. मूळचा नागपूरचा, इथे हॉस्पिटलात नर्स. त्याच्याकडे ट्रक आहे आणि चढावर त्याचे पाय बकरीसारखे चालतात.

कुणाला जायचं असेल तर आधी शिकारीचा सुरक्षा-कोर्स करा, मग लायसन्स घ्या आणि टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना. माझा दोन्हींचा खर्च चौघांच्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढा झाला. भडक केशरी जाकीट सक्तीचं. आणि आम्ही जातो त्या भागात फक्त 'स्पाइक' मारता येतो, म्हणजे ज्याच्या शिंगाला फांद्या फुटलेल्या नाहीत असा तरुण नर. बाकी कळप कितीही जवळ आला तरी नुसता बघायचा.

शुक्रवारी सकाळी निघालो. आय-नाइन्टी हायवेनं घाट ओलांडला. नोव्हेंबरच्या तोंडाला तिथे बर्फ असतोच, टायरच्या साखळ्या गाडीत हव्यातच. एलेन्सबर्गला पेट्रोल आणि मांस टिकवायला बर्फाच्या लाद्या भरून घ्या, कारण त्यानंतर जंगलखात्याचा कच्चा रस्ता लागतो आणि अकरा मैलांना सव्वा तास जातो. दुपारी तंबू ठोकला, आत लाकडाची शेगडी लावली. बाहेर बर्फ भुरभुरायला लागला, म्हणून मी आतच स्वयंपाकाला बसले. वरण केलं. त्यावर लसूण, हिंग, सुक्या मिरच्यांची चरचरीत फोडणी दिली. तिघांनी बोटं चाटून खाल्लं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

शनिवारी उजाडताना आम्ही एका कुरणाच्या कडेला दबा धरून बसलो होतो. दोनशे पावलांवर कळप आला! माझं काळीज ढोल वाजवायला लागलं. तेवढ्यात पाठीकडून वारा सुटला. पुढची मादी थांबली, नाक वर केलं, सरळ आमच्याकडे बघितलं. पुढच्या क्षणी कुरण मोकळं.

काकांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्या बाहीला नाक लावलं. "अगं, हे काय? लसूण?"

"काल वरणाला फोडणी दिली ना..."

"याच जाकिटात?"

मी मान हलवली. संदेश पोट धरून हसत होता. "ताई, पूर्ण माउंटनला कळलं ना यार, का आज आपल्याकडे वरण आहे!"

मला रडू यायचं बाकी होतं. तीन वर्षं वाऱ्याची दिशा, पावलांचा आवाज, सगळं पाठ केलं आणि फोडणी विसरले. काकांनी खांद्यावर हात ठेवला. "मी पहिल्या वर्षी सुकट भाजली होती. कुणाला सांगितलं नाहीये अजून."

मग कडक शिस्त. जाकिटाला बेकिंग सोडा चोळून ते पाइनच्या फांदीवर टांगलं, आतले कपडे बदलले, चूल तंबूबाहेर गेली. दोन दिवस मऊ भात, मीठ आणि उकडलेली अंडी. आजाऱ्याचं जेवण जेवून आम्ही रोज डोंगर चढत होतो. रविवारी नुसत्या खुणा दिसल्या. सोमवारी त्याही नाहीत. टाचांना फोड आले आणि काकांचा गुडघा नारळाएवढा सुजला.

मंगळवार शेवटचा दिवस. चहा घेताना संदेश म्हणाला, "ताई, आपण दोघं फास्ट वर जाऊ. काका इथे रेस्ट करतील."

"जा गं," काकाही म्हणाले. "माझ्या पायी तुझा सीझन नको जायला."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला कळत होतं. तरी म्हटलं, "मी तुमच्याच चालीनं येणार." संदेश दुसऱ्या सोंडेवरून वर गेला. आम्ही वीस पावलं चालायचो, थांबायचो, पुन्हा वीस. उजाडलं तेव्हा जेमतेम अर्धा डोंगर झाला होता. मनातल्या मनात मी सीझनवर पाणी सोडलं होतं. एका पडलेल्या ओंडक्यामागे टेकलो. वारा समोरून, थेट तोंडावर येत होता.

आणि खालच्या कुरणातून चरून परतणारे एल्क आमच्या समोरून, झाडीच्या कडेनं, एकामागोमाग एक वर यायला लागले. भरभर गेलो असतो तर ते केव्हाच आमच्या मागे राहिले असते!

शेवटी एक तरुण नर थांबला. काकांनी माझा दंड धरला. "घाई नाही. शिंगं बघ." डोक्याशी फांद्या दिसत होत्या, पण त्या झाडाच्या की शिंगाच्या, ते कळेना. बोट चापाबाहेरच ठेवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं एक पाऊल टाकलं. दोन सरळसोट शिंगं, स्वच्छ.

"मारू?" मी कुजबुजले.

"ते तू ठरव."

मी ठरवलं.

गोळीनंतर अर्धा तास हलायचं नाही, हा काकांचा नियम. मग बर्फातल्या खुणांवरून गेलो. साठ पावलांवर तो एका झाडाखाली पडला होता, शांत. मी गुडघ्यांवर बसले आणि हमसून हमसून रडले. आनंद होता, अपराधीपणही होता, आणि दोन्ही खरं होतं. काकांनी बाटलीतलं ओंजळभर पाणी त्याच्या तोंडाशी सोडलं. ते प्रत्येक वेळी असंच करतात, असं म्हणाले. मी तिथेच टॅगवर, तो वापरला गेल्याची, खूण केली.

आवाज ऐकून संदेश धावत आला. "झालं का ताई? सांग ना लवकर!" मग त्यानं अशी आरोळी ठोकली की उरलेसुरले एल्क राज्याबाहेर गेले असतील.

पुढचं काम शिकारीहून अवघड. काकांनी कुठे कापायचं ते दाखवलं, आम्ही दोघांनी मांस पाठीवर लादलं. प्रत्येकी तीन खेपा, दीड दिवस, रजा एका दिवसानं लांबली. गुडघे थरथरत होते, खांदे सोलवटले होते आणि माझं हसू काही केल्या थांबत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी काकांनी काळीज माझ्या पुढ्यात ठेवलं. "घाल आता लसूण. हवा तेवढा."

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन दिवस मांस कापत होते. फ्रीझर भरला, नऊ घरी वाटून झालं. मला वेड्यात काढणाऱ्यांनीही डबे पुढे केले, आणि मी ते भरून दिले.

काकांचं ऑपरेशन नीट पार पडलं. परवा भेटायला गेले तर त्यांच्याकडे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, पार्सिपनीहून पाहुणे आले होते. इतकी वर्षं काका माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ही आमच्याबरोबर शिकारीला येते." या वेळी पाय उशीवर ठेवून ते पाहुण्यांना सांगत होते, "यंदा आम्ही हिच्याबरोबर गेलो होतो."