नळीवरची मक्खी

म्हसवडच्या नानासो विरकरांनी लहानपणी मेंढरं राखली. गोफण फिरवताना नजर लांडग्यावरून हलवायची नाही, एवढं बापानं शिकवलं होतं. फौजेत गेल्यावर रायफलही त्यांनी त्याच नजरेनं धरली. निशाण लख्ख दिसायचं आणि गोळ्या भलतीकडंच जायच्या. उस्तादानं 'नजर कच्ची' म्हणून त्यांना नेमबाजीच्या संघातून काढलं. बाबा, तू बघतोस तरी कुठं, एवढं मात्र त्या शहाण्यानं कधी विचारलं नाही. नानासोंनी उरलेली नोकरी लंगरात चपात्या भाजत काढली. आपले डोळेच अधू, असं ते जन्मभर मानत आले.

परवा ते नात अपेक्षाला घेऊन वडूजच्या शूटिंग रेंजवर गेले. तिचेही छर्रे फाकत होते. तिथली कोच नूरीन तिला म्हणाली, "निशाणाकडं बघू नको गं. नळीच्या टोकावर ही बारकी खुंटी आहे ना, मक्खी म्हणतात हिला, तिच्यावर नजर धर. ती स्पष्ट दिसली पाहिजे, निशाण पुसट झालं तरी चालतंय."

अपेक्षाचा पुढचा छर्रा मधोमध बसला.

नानासो बाकावरनं उठले. "बाई, मला बी एकदा धरू द्या की."

त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला आणि नजर मक्खीवर आणली. पण साठीनंतर त्यांना जवळचं सगळंच धूसर दिसायला लागलेलं. डोळे कितीही बारीक केले, तरी मक्खीला धार येईना.

"दिसतंय का, आबा?" अपेक्षानं विचारलं.

"व्हय," बंदूक खाली ठेवत नानासो म्हणाले, "निशाण लय लख्ख दिसतंय."